नारिंग, लसूण आणि विहीणबाई

बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी फ्लोरिडाला मुलाकडे होते. आल्यावर आधी झोपेचं वेळापत्रक बिघडलं, मग विहिरीवरची मोटर बिघडली, मग पाहुणे... कारणं काय, हवी तेवढी मिळतात. तर आज एका पदार्थाबद्दल लिहिणार आहे. आधीच सांगून टाकते, पदार्थ डुकराच्या मांसाचा आहे. माहेरच्या मंडळींनी इथेच वाचन थांबवलं तरी मी रागावणार नाही. पण जमलं तर शेवटपर्यंत वाचा. यात माझी एक चूक कबूल करायची आहे, आणि तुमच्यापैकी निदान एकीला ती माहीत आहे.

तर झालं असं. गेल्या डिसेंबरात मी टॅम्पाला पोचले, त्याच्या आदल्याच आठवड्यात विहीणबाई अंगणात घसरून पडल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. आमच्या विहीणबाई मूळच्या क्यूबाच्या. क्यूबन माणसांचा नाताळ म्हणजे २४ डिसेंबरची रात्र. तिला ते नोचेब्वेना म्हणतात, आणि त्या रात्री डुक्कर शिजल्याशिवाय त्यांचा सण होत नाही. आपल्याकडे गणपतीत मोदक नाहीत असं कधी झालंय का? तसंच. सूनबाईला ऑफिस होतं २३ तारखेपर्यंत. मुलाला चहापलीकडे काही येत नाही (ही माझीच शिकवण, दोष कोणाला द्यायचा!). घरात रिकामे दोन हात फक्त माझे.

आमच्या घरी मासे रोजचे, कधीतरी कोंबडी, श्रावणात काही नाही. डुक्कर हा विषयच नव्हता. सून म्हणाली, "आई, तुम्ही नका करू, आम्ही बाहेरून आणू." विहीणबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या आपल्या प्लास्टरकडे बघत बसल्या. त्यांच्या यजमानांना जाऊन तेव्हा दीड वर्षं झालं होतं. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे ते बघणं मला कळलं. ह्यांच्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत मीही कडबोळी बाहेरून आणली होती आणि डबा न उघडता मोलकरणीला देऊन टाकला होता. म्हटलं, मी करते. तुम्ही सांगा.

विहीणबाईंची थोडी ओळख करून देते. त्या ८ वर्षांच्या असताना, १९६१ साली, आईवडिलांनी त्यांना हवानाहून एकटीला विमानात बसवून मायामीला पाठवलं. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या काळात १४,००० हून अधिक क्यूबन मुलं अशी आईवडिलांशिवाय अमेरिकेत आली. त्या मोहिमेचं नाव पेद्रो पान. थोड्या महिन्यांत परत यायचं आहे असं सांगून पाठवलं होतं. आईवडीलच तिथून बाहेर पडू शकले ते १९६६ मध्ये. १९६२ पासून क्यूबात रेशनचं पुस्तक आलं, १९६९ मध्ये सरकारने नाताळची सुट्टीच बंद केली ती थेट १९९७ पर्यंत. त्यामुळे मायामीतल्या क्यूबन लोकांनी २४ डिसेंबर आणखीच घट्ट धरून ठेवला. रेशनचं म्हणाल तर १९७२ च्या दुष्काळातला तो अमेरिकेचा लाल मिलो मीही खाल्लाय, हे मी त्यांना सांगितलं. भाकरी कशी थापता यायची नाही ते हातांनी करून दाखवलं. दोघी हसलो.

दोघींमध्ये भाषा नाही. त्यांचं इंग्रजी स्पॅनिश वळणाचं, माझं मराठी माध्यमाचं. बारा वर्षांत आम्ही एकमेकींशी 'हॅलो, हाऊ आर यू' च्या पुढे फारशा गेलो नव्हतो. त्या दिवशी मात्र शेजारीण आली तेव्हा विहीणबाईंनी माझ्याकडे बोट करून म्हटलं, "मी कोन्सुएग्रा." मी सुनेला अर्थ विचारला. ती म्हणाली, इंग्रजीत याला शब्दच नाही. मुलाच्या किंवा मुलीच्या सासूला तिची आई जे म्हणेल ते. अहो, म्हणजे विहीण! मी उडालेच. इंग्रजीत हे नातं सांगायला अख्खं वाक्य लागतं आणि यांच्याकडे आपल्यासारखा एक शब्द आहे. व्याह्यांना कोन्सुएग्रो. ३२ वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला एवढं पुरे होतं. त्या क्षणापासून माझी भीड चेपली.

आता स्वयंपाकाकडे वळते.

त्यांच्या मागच्या अंगणात एक कडू नारिंगाचं झाड आहे. स्पॅनिशमध्ये नारांहा आग्रिया, आंबट संत्रं. दिसायला ओबडधोबड, साल जाड, रस आंबट आणि मागून किंचित कडू. खाण्याचं फळ नव्हे, रसासाठीच. मला आपल्या ईडलिंबाची आठवण झाली. या सगळ्या स्वयंपाकाचा जीव त्या रसात आहे. झाड मात्र आजारी आहे. फ्लोरिडात २००५ मध्ये लिंबूवर्गीय झाडांवरचा एक रोग सापडला. एक बारीकसा किडा तो पसरवतो. फळं वाकडी होतात, खालून हिरवीच राहतात, गळतात. १९९७-९८ च्या हंगामात तिथे संत्र्यांच्या २४ कोटींहून जास्त पेट्या निघाल्या होत्या, आता त्याच्या दहावा हिस्साही निघत नाही. व्याही मेक्सिकोतून, युकातानमधून, तरुणपणी याच बागांमध्ये काम करायला आले होते. हे झाड त्यांनी लावलेलं. यंदा त्यावरची कामाची फळं निघाली अकरा. विहीणबाईंनी ती मोजून टोपलीत ठेवली होती.

नारांहा हा शब्द ऐकून तुम्हाला काही आठवलं का? संस्कृतातलं नारंग फारसीत नारंग झालं, अरबीत नारंज, तिथून स्पॅनिशमध्ये नारांहा. फळही त्याच वाटेने गेलं, आशियातून अरबांबरोबर स्पेनला, आणि १४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत त्याच्या बिया कॅरिबियन बेटांवर पोचल्या. त्याच जहाजांतून डुकरंही गेली. उलट दिशेने मिरची पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. आणि आपला बटाटा? तो शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा, रताळ्यासाठीचा. म्हणजे उपासाच्या दिवशी बटाट्याची भाजी मागताना आपण त्यांच्या बेटावरचा शब्द बोलतो आणि त्या मांसाला रस चोळताना आपला. नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आजी, सो वी ट्रेडेड!" केलाच की व्यवहार.

२३ तारखेला सकाळी सुरुवात केली. मांस म्हणजे डुकराच्या खांद्याचा हाडासकट तुकडा, साडेतीन किलोचा. पहिल्यांदा हात लावताना पोटात कसंतरी झालं, खोटं कशाला बोलू. सुनेने हातमोजे दिले. मी घातले नाहीत. म्हटलं, करायचं तर नीट करायचं.

क्यूबन वाटणाला मोहो म्हणतात. लसणाचे दोन अख्खे गड्डे, दोन चमचे जाडं मीठ, चमचाभर भाजलेलं जिरं, मिरे आणि वाळलेला ओरेगानो, हे सगळं पिलोनमध्ये कुटायचं. पिलोन म्हणजे खलबत्ता, त्यांचा लाकडी असतो. मिक्सर समोर होता, पण विहीणबाईंनी डाव्या हाताने तो बाजूला सारला. मिठाबरोबर कुटलं की लसणाचा लगदा होतो, त्याचं पाणी सुटतं. मग छोट्या कढल्यात अर्धी वाटी ऑलिव्ह तेल कडकडीत तापवलं आणि त्या इशाऱ्याने म्हणाल्या, ओत. ओतलं आणि चर्रर्र झालं! अहो, ही तर फोडणी! फरक इतकाच की आपण तेलात लसूण टाकतो, या लसणावर तेल ओततात. त्यामुळे लसणाचा कच्चेपणा जातो पण तो जळत नाही, कडवट होत नाही. निवल्यावर त्यात वाटीभर नारिंगाचा रस. (नारिंग नसेल तर दोन भाग संत्र्याचा रस आणि एक भाग लिंबाचा, चव बरीच जवळ जाते.)

आंबट, लसूण आणि डुक्कर ही जोडी आपल्याला तशी परकी नाही. गोव्याचं विंदालू घ्या. ते नावच पोर्तुगीजांच्या वाइन आणि लसूण या शब्दांतून आलंय. तिथे वाइनचं व्हिनेगर झालं आणि मिरची पडली, इथे नारिंगाचा रस आला.

इथवर क्यूबा. आता मेक्सिको, म्हणजे आमचे व्याही. लग्नानंतरची पहिली नोचेब्वेना त्या दोघांनी भांडणात काढली होती. विहीणबाईंचं म्हणणं, मांसाला लसूण आणि नारिंग, बस्स. क्यूबन जेवण तिखट नसतंच. व्याह्यांचं म्हणणं, नुसतं पांढरंफटक मांस काय खायचं? आमच्या युकातानमध्ये याला आचिओते लावतात, केळीच्या पानात गुंडाळतात आणि जमिनीत खड्डा करून शिजवतात. तो त्यांचा कोचिनीता पिबिल. गंमत अशी की नारिंग दोन्हीकडे आहे. तेवढ्या एका फळावर तह झाला. दुसऱ्या वर्षी आचिओते आलं, तिसऱ्या वर्षी केळीचं पान. मग सुक्या मिरच्या आल्या, ग्वाहीयो आणि आंचो, दोन्ही रंगाला भरपूर आणि तिखटाला बेताच्या. खरी जहाल मिरची, हाबानेरो, कांद्यात घालून वेगळ्या वाटीत ठेवायची असं ठरलं. हाबानेरो या शब्दाचा अर्थच मुळी हवानाची. व्याही दरवर्षी म्हणत, बघ, तुझ्याच गावची मिरची तुला चालत नाही.

आचिओते म्हणजे शेंद्रीच्या बिया. त्याची विटकरी रंगाची वडी मिळते. ती थोड्या रसात कालवली. मिरच्यांच्या बिया काढून तव्यावर जरा भाजल्या, गरम पाण्यात अर्धा तास भिजवल्या आणि लवंग-दालचिनीबरोबर वाटल्या. दोन्ही मोहोत मिसळलं. मांसाला सुरीने खोल भोकं पाडून त्यात वाटण बोटाने भरलं, वरून चोळलं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं.

केळीच्या पानाशी आल्यावर मात्र माझी पाळी होती. फ्रीझरमधलं पान सून तसंच दुमडायला गेली आणि ते टरकलं. मी ते हातातून घेतलं, गॅसच्या आचेवरून हलकेच फिरवलं. पान गडद झालं, चकाकलं आणि कापडासारखं मऊ पडलं. कोकणात पानगी करणाऱ्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही. विहीणबाई टक लावून बघत होत्या. मग सुनेला हळूच काहीतरी म्हणाल्या. ती म्हणाली, "पपा पण असंच करायचे."

२४ ला दुपारी बिडाच्या जाड भांड्यात पान अंथरून मांस ठेवलं, उरलेलं वाटण आणि दोन वाट्या पाणी घातलं, पानं वरून मिटली, झाकण लावलं आणि १५० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये साडेचार तास. घाई करून चालत नाही. मांस तसं ६३ अंशांना खाण्याजोगं होतं, पण खांद्याचा भाग तेव्हा चामड्यासारखा असतो. आतलं तापमान ९० च्या पुढे जाऊन तिथे बराच वेळ राहिलं की त्यातले चिवट धागे विरघळून रसात उतरतात. मग सुरी लागत नाही, काट्याने सुटतं.

साडेचार तास तिघी स्वयंपाकघरात. लाल कांदा उभा पातळ चिरून नारिंगाच्या रसात आणि मिठात घातला, त्याचा गुलाबी रंग झाला. काळ्या घेवड्याचा भात झाला. त्या काळ्या-पांढऱ्या भाताचं नाव 'मूर आणि ख्रिस्ती'! स्पेनमध्ये एकमेकांशी शतकानुशतकं लढलेले दोघे एका पातेल्यात. घरभर लसूण आणि केळीच्या पानाचा वास सुटला होता.

बोलता बोलता विहीणबाई सांगत होत्या आणि सून मला इंग्रजीत सांगत होती. की त्यांच्या आईला हे लग्न मान्य नव्हतं. मेक्सिकन मुलगा, बागेत काम करणारा. हे मांस आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा ताट पुढे ढकललं आणि म्हणाली, हे ना आमचं ना त्यांचं, खराब करून टाकलंस. सून थांबली. हातातला कांदा चिरतच म्हणाली, "याला मराठीत शब्द आहे. भेसळ."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

आता ती चूक. शाळेत असताना मुलांच्या निबंधात इंग्रजी शब्द दिसला की मी समासात लाल पेनने लिहायची, 'भेसळ!' माझे विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांना आठवेल. २०१८ मध्ये नातवाच्या जन्माच्या वेळी मी टॅम्पाला गेले होते. बाळाचं एक नाव मराठी ठेवलं, एक स्पॅनिश. मी धाकट्या बहिणीशी फोनवर बोलताना म्हणाले, "काय सांगू, सगळी भेसळ. नावाची पण आणि..." पुढचं वाक्य इथे लिहीत नाही. बहिणीला आठवत असेल. सून त्याच खोलीत बाळाला घेऊन बसली होती. तिला मराठी कुठे कळतंय, असं मी धरून चालले. पण आईच्या लाल पेनाची गोष्ट माझ्या मुलाने तिला लग्नाआधीच सांगितली होती. मोजक्या मराठी शब्दांपैकी नेमका तोच तिला येत होता.

सात वर्षं. या सात वर्षांत तिने मला आई म्हणायचं सोडलं नाही, औषधांच्या वेळा चुकू दिल्या नाहीत, विमानतळावर न्यायला येणं टाळलं नाही. आणि मी इथे सगळ्यांना सांगत होते की सून चांगली आहे, पण जरा मोजून-मापून बोलते. आता कळलं, का मोजते.

मला इंग्रजीत काही सुचेना. मराठीतच म्हणाले, "चुकलं गं माझं." तिने मान वर केली नाही. कांद्यामुळे की काय, डोळे पुसले. मग म्हणाली, "आय नो, आई." विहीणबाई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, तिने स्पॅनिशमध्ये सांगितलं. किती सांगितलं ते मला कळलं नाही. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग विहीणबाई उठल्या, डाव्या हाताने चमचा घेतला, भांड्याचं झाकण मला काढायला लावलं आणि तळाचा लालसर रस घेऊन माझ्या तोंडासमोर धरला. मीठ बघ, म्हणाल्या. तेवढं स्पॅनिश मला कळलं.

आपण नैवेद्याचं चाखत नाही. आयुष्यभर मी मिठाचा अंदाज वासावर आणि हातावर केला. शिवाय हे डुकराचं. पण त्या बाईचा डावा हात थरथरत होता आणि रस सांडत होता. मी चाखलं. आधी आंबट, मग लसूण, मग मिरचीची हलकी ऊब, आणि मागून नारिंगाचा तो कडूपणा. म्हटलं, मीठ कमी आहे. त्यांनी मान डोलावली. चिमूटभर घातलं. मग पानं उघडून, आच वाढवून वीस मिनिटं वरून खरपूस केलं.

जेवताना मी मांसाचे दोन घास खाल्ले. आवडलं का? पोत मला झेपला नाही, खरं सांगते. रस मात्र भातावर दोनदा घेतला. नातवाने तिसऱ्यांदा घेतलं, वर हाबानेरोचा कांदा खाऊन नाकातून पाणी काढलं. त्याची आबुएला म्हणाली, अगदी आजोबांवर गेलाय. मी म्हटलं, तिखट आमच्याकडूनही आलंय. सुनेने दोन्हीकडे भाषांतर केलं आणि हसली. मोजून-मापून नव्हे.

सगळं एका चमच्यात मिटलं असं मला म्हणायचं नाही. सात वर्षं एका रात्रीत जात नाहीत. पण आता ती रविवारी फोन करते तेव्हा फोन मुलाच्या हातात लगेच देत नाही.

इथे आल्यावर मोहो मी कच्च्या फणसावर करून बघितला. उकडलेल्या फणसाच्या फोडी, तेच लसूण-जिऱ्याचं वाटण, वरून गरम तेल, संत्रं-लिंबाचा रस, ओरेगानोऐवजी थोडा ओवा. केळीच्या पानात बांधून मंद आचेवर अर्धा तास. शाकाहारी मंडळींनी जरूर करून बघा. फोटो पाठवला तर विहीणबाईंचं उत्तर आलं, सुनेने भाषांतर करून: "माझ्या विहिणीला सांग, लसूण कमी पडलाय."

खरंच कमी होता. त्यांना फोटोवरून कसं कळलं देव जाणे!